वरच्या फळीवरची झुरळं

बरणी टेबलावर आली आणि कोंडाजी भोईर खुर्चीवर चढला.

बसला नव्हे, चढला. दोन्ही पायांनी. पेन्शनीत निघालेला हवालदार तो. बदलापूरच्या जंगलातून दरोडेखोराला एकट्यानं मानगूट धरून आणलेला माणूस. मिशा अशा, की समोरच्यानं आपणहून वाट सोडावी. पण बरणीत होती झुरळं. बोटाएवढी लांब, तांबूस, तुकतुकीत, आणि मिशांच्या बाबतीत कोंडाजीला अजिबात न हरणारी.

"उतरा खाली, कोंडाजी," श्यामकांत कर्णिक म्हणाला. "बाई काय म्हणतील?"

"बाईंनी आधी ती बरणी उतरवावी," कोंडाजी वरूनच बोलला.

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर, सायकलच्या दुकानाच्या माडीवर श्यामकांतचं ऑफिस होतं. बाहेर पाटी: 'खाजगी तपास'. आत एक टेबल, दोन खुर्च्या आणि कोंडाजी. हरवलेल्या म्हशीपासून पळालेल्या नवरदेवापर्यंत सगळं शोधून द्यायचे. झुरळं मात्र आजवर कुणी शोधायला सांगितली नव्हती.

"घाबरू नका, ती बाहेर येत नाहीत," बाई म्हणाल्या. तिशीतली, पांढरं पातळ नेसलेली, कपाळ मोकळं. "मी सुनेत्रा शिरवळकर. विठ्ठलवाडीला राहते. मुंबईच्या कॉलेजांना फाडायला झुरळं लागतात, ती मी पुरवते. माझे यजमान कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते, त्यांनी हा धंदा सुरू केला. ते गेल्यावर मी चालवते."

"बरणीला झाकण नाही," श्यामकांतनं वाकून पाहिलं.

"लागत नाही. तोंडाच्या आतून हा व्हॅसलीनचा पट्टा दिसतो ना? बघा."

एक झुरळ काचेवरून तरातरा वर आलं. कोंडाजीनं डोळे मिटले. झुरळ पट्ट्यापाशी पोचलं, पुढचे पाय सटकले, आणि ते धपकन खाली पडलं.

"गेली पाच वर्षं एक झुरळ सुटलं नव्हतं," सुनेत्रा म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम ओला झाला. "काल दसऱ्याच्या सकाळी निम्म्याहून जास्त बरण्या रिकाम्या. सगळी शेजारच्या टेकचंदच्या पापडांत. त्याची बायको किंचाळली तेव्हा मला जाग आली. त्यानं चाळीचे मालक भगवंतशेठ यांच्याकडे तक्रार केली. भगवंतशेठ म्हणतात, उद्या सकाळी खोली खाली करा. सासूबाईंना घेऊन मी कुठं जाऊ? आणि झुरळं घेऊन आलेल्या बाईला खोली देणार तरी कोण?"

"पट्टे कुणी पुसले होते?"

"तेच तर कळत नाही. पट्टे जागच्या जागी. वर टाकलेली फडकीसुद्धा जागच्या जागी. कुणीतरी मुद्दाम सोडली. ते सिद्ध झालं तर भगवंतशेठ ऐकतील."

श्यामकांतनं टोपी उचलली. "कोंडाजी, टांगा बोलवा."

"साहेब, हे आपलं काम नाय. हे कोंबड्यांचं काम आहे."

टांग्यात बसताना कोंडाजीनं डोक्यावर टोपी घातली आणि 'आई गं' म्हणून ती रस्त्यावर फेकली. टोपीतून श्यामकांतनं गुपचूप ठेवलेली एक खारीक घरंगळत गेली. श्यामकांत विठ्ठलवाडी येईपर्यंत पोट धरून हसत होता. सुनेत्रासुद्धा पदर तोंडाला लावून हसली, त्यामुळे कोंडाजीनं राग गिळला.

चाळीला दसऱ्याची कळा अजून होती. दारोदारी आंब्याची पानं, झेंडूची तोरणं, ओसरीवर वाळलेली आपट्याची पानं. सुनेत्राची खोली शेवटची. मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे चूल, देवघर आणि सासूबाई. पलीकडे झुरळं.

सासूबाई म्हणजे इंदुबाई. बुटक्याशा, वाळलेल्या, नजर मात्र सुईसारखी. कोंडाजीला बघताच म्हणाल्या, "उंच आहेस ना? ती खुंटीवरची टोपली काढून दे रे बाबा. घरात ना स्टूल, ना शिडी. माझा हात काही पोचत नाही."

कोंडाजीनं टोपली दिली. देवघरात खंडोबाचा टाक दिसला तसे त्यानं हात जोडले. "आजी, आमचं पण जेजुरीचंच. जरा भंडारा लावा कपाळाला."

इंदुबाईंनी पितळी डबी उघडली, आणि मिटली. "संपला बघ. नवरात्र झालं ना."

"आजी," श्यामकांतनं विचारलं, "नवमीला सुनेत्राबाई मुंबईला माल पोचवायला गेल्या होत्या. मागे पडद्याच्या आत कोण कोण गेलं?"

"तिघं आले. भगवंतशेठ भिंतीला चुना कसा लागलाय ते बघायला. तो बेडूकवाला रघु, टोपली ठेवायला. आणि टेकचंद आपली परात न्यायला."

"आणि तुम्ही?"

"त्या पडद्याच्या आत माझं काय काम?" इंदुबाई फणकारल्या. "ही तिथून आली की आंघोळ केल्याशिवाय मी हिच्या हातचं पाणी घेत नाही. विचारा हिला."

सुनेत्रा खाली मान घालून म्हणाली, "खरंय. पाच वर्षं झाली."

पडद्याच्या आत अंधारच होता. उजेड झुरळांना सोसत नाही, म्हणून तिथं दिवा लावतच नाहीत. श्यामकांतनं काडी ओढली. भिंतीला तीन फळ्या, त्यांवर ओळीनं बरण्या. वरच्या फळीवर खसखस चालू होती. खालच्या दोन फळ्या सुनसान.

"वरच्या सुटल्या नाहीत?"

"एकही नाही. नशीब माझं. निवडक, मोठी झुरळं वरतीच असतात. परीक्षेसाठी राखलेली."

"आणि ही फडकी?"

"धूळ बसू नये म्हणून. मी नुसती वरून टाकते."

वरच्या बरण्यांवर फडकी कशीही, वाकडीतिकडी भिरकावलेली. खालच्या रिकाम्या बरण्यांवर मात्र चौघडी घालून, टोकाला टोक जुळवून ठेवलेली.

"ह्यांना हात लावलात?"

"नाही हो. काल दिवसभर झुरळं गोळा करत होते. मिळाली ती डब्यात घातली. ह्या बरण्या तशाच आहेत."

फळीवर व्हॅसलीनचा डबा होता. श्यामकांतनं उघडला. आत पांढरंशुभ्र, ताज्या लोण्यासारखं.

"कोंडाजी, रिकाम्या बरणीत बोट घाला. पट्ट्यावरून फिरवा."

"मीच का?"

"माझी बोटं नाजूक आहेत."

कोंडाजीनं खंडोबाचं नाव घेऊन बोट घातलं, फिरवलं, आणि बाहेर येताच पांढऱ्या रुमालाला खसाखसा पुसलं. रुमालावर पिवळट डाग उमटला.

"मळलंय," कोंडाजी म्हणाला.

"असेल," श्यामकांत म्हणाला.

मग एकेकाची गाठ.

टेकचंद पाठीमागच्या ओट्यावर होता. फाळणीत सिंध सोडून आलेला, चाळिशीचा. हातापायाला उडदाचं पीठ. बायको लाटत होती, लाटण्याच्या मुठीला कुंकवाचा टिळा होता.

"साईं, माझा पूरा माल बरबाद," तो म्हणाला. "पापडावर कीडा फिरला हे बाजारात कळलं तर कोण घेणार? कराचीत दुकान होतं. इथं लाटण्यापासून सुरू केलं. आता परत पहिल्यापासून?"

"म्हणून खोली खाली करवताय? आयतीच पापड वाळवायला मिळेल."

टेकचंद तडकला. "मिळाली तर घेईन, झूठ कशाला बोलू? पण अदीला, बहिणीला, घालवायला मी माझेच पापड नासवीन? तक्रार केली, कारण नुकसान झालं. बस."

कोंडाजीनं साहेबांच्या कानात सांगितलं, "पीठ, साहेब. सगळ्या अंगावर पीठ. धूळ बसली की पट्टा गेला. यानंच फुंकरलं."

"शाबास. लक्षात ठेवा."

भगवंतशेठ पुढच्या खोलीत झोपाळ्यावर होते. नव्या चुन्याचा वास घरभर. बाहीवर चुना, जोड्यांवर चुना, मिशीतसुद्धा थोडा.

"मी आत गेलो, भिंत बघितली, बाहेर आलो," ते म्हणाले. "शिसारी येते मला. खोलीला दुसरं गिऱ्हाईक आहे का म्हणता? आहे. मग? माझी चाळ आहे. पण टेकचंदनं तक्रार केली नसती तर दसऱ्याच्या दिवशी मी तरी कशाला तोंड वाईट केलं असतं? तो अडून बसलाय."

"चुना!" बाहेर पडताच कोंडाजी म्हणाला. "साहेब, पिठाचं रद्द. चुना!"

"हेही लक्षात ठेवा."

रघु वालधुनीच्या काठाला जाळं दुरुस्त करत बसला होता. जाळ्याला झेंडूची माळ बांधलेली. तपकिरीची चिमूट ओढत तो बोलला, "वहिनींची झुरळं मी कशाला सोडू? कॉलेजवाले म्हणतात, बेडूक आण, झुरळं आण, एकाच माणसानं आण. म्हणून मी वहिनींना म्हटलं, भागीत करू. त्या नाय बोलल्या. राग आला होता, खोटं नाय बोलणार. पण सोडायचीच असती, तर वरची मोठी सोडली असती ना? खालची बारकी सोडून माझा काय फायदा?"

बोलता बोलता तो शिंकला आणि कोंडाजीच्या सदऱ्यावर तपकिरीचा फवारा उडाला.

"तपकीर!" कोंडाजी रडकुंडीला आला. "साहेब, ज्याच्याकडे जावं त्याच्याकडे पूड! आता कुणाला धरू?"

"आधी सदरा धरा आणि धुवा."

चाळीच्या नळावर कोंडाजीनं सुनेत्राकडून कपड्यांचा साबण मागून आणला. सदरा झाला. मग रुमाल घेतला, साबण चोळला, आणि अशी बोंब मारली की दोन बायका घागरी टाकून पळाल्या.

"रक्त! साहेब, रक्त!"

पिवळा डाग लालभडक झाला होता.

श्यामकांत नळाच्या कट्ट्यावर बसला आणि बराच वेळ हसला. मग हसता हसता गप्प झाला. कोंडाजीला ते गप्प होणं आवडलं नाही. साहेबांना उत्तर मिळालं की ते शीळ घालायचे. आज शीळ नव्हती.

"कळलं ना तुम्हाला?" त्यानं विचारलं.

"कळलं. आणि वाटतंय, कळलं नसतं तर बरं होतं. बाईंना बाहेरचा गुन्हेगार हवाय. तो मिळाला तर खोली वाचते. आणि बाहेरचा कुणी नाहीच."

"मग गप्प बसू. कुणाचं तरी नाव ठोकून देऊ. तो रघु—"

"आणि रघुनं काय केलंय? सगळ्यांना बोलवा, कोंडाजी."

दिवेलागणीला सुनेत्राच्या खोलीत सगळे जमले. भगवंतशेठ पाटावर, टेकचंद दाराशी, रघु उंबऱ्यावर. इंदुबाई देवघरापाशी भिंतीला टेकून. श्यामकांतनं समोर स्वच्छ बरण्या मांडल्या, प्रत्येकीला आतून व्हॅसलीनचा पट्टा. सुनेत्रानं एकेकीत एक झुरळ सोडलं. कोंडाजी दरवाजाच्या बाहेर उभा राहून पहारा देत होता, असं त्याचं म्हणणं.

पहिल्या बरणीतलं झुरळ पट्ट्यापर्यंत आलं आणि पडलं.

श्यामकांतनं दुसऱ्या पट्ट्यावर टेकचंदचं पीठ भुरभुरलं. झुरळ आलं, थबकलं, मिशा हलवल्या, आणि पिठावर पाय देत सरळ काठावर. सुनेत्रानं ते अलगद पकडलं. तिसरीत चुना. तेही बाहेर. चौथीत तपकीर. तेही बाहेर, फक्त जरा घाईनं.

"पट्टा पुसायची गरजच नाही," श्यामकांत म्हणाला. "वर कोरडी पूड बसली की निसरडेपणा गेला. पट्टा जागेवर, फडकं जागेवर, झुरळं बाहेर. सैल फडक्याखालून निघायला त्यांना कितीशी जागा लागते?"

"म्हणजे या तिघांपैकी एक!" सुनेत्रा म्हणाली.

"मलाही तसंच वाटलं. पण पीठ पांढरं, चुना पांढरा, तपकीर काळपट. डब्यातलं व्हॅसलीनही पांढरं. आणि रिकाम्या बरणीतला डाग आला पिवळा. कोंडाजी, रुमाल दाखवा."

कोंडाजीनं दारातूनच रुमाल लांबवला.

"पिवळा होता. साबण लागला आणि लाल झाला. आता ह्या घरातल्या बायकांना विचारतो. साबणानं लाल होणारा पिवळा डाग कशाचा?"

"हळदीचा," सुनेत्रा सहज बोलून गेली. मग तिचा चेहरा बदलला.

"हळद. आता बघा. ज्याला नासधूस करायची असते, तो किमती माल आधी सोडतो. इथं वरची फळी शाबूत. म्हणजे करणाऱ्याचा हात तिथं पोचला नाही आणि चढायला काही सापडलं नाही. त्यानं फडकी काढली, काम झाल्यावर चौघडी घालून, टोकं जुळवून परत ठेवली. वाईट करणारा माणूस घड्या घालत बसत नाही." श्यामकांतचा आवाज खाली आला. "आणि दिवस कोणता? रघु, नवमीला तू काय केलंस?"

"खंडेनवमी. जाळ्याची पूजा."

"टेकचंद?"

"लाटण्याची."

"भगवंतशेठ?"

"दुकानातल्या तराजूची. दरवर्षी करतो."

"ज्याचं पोट ज्यावर, त्याची पूजा. मग ह्या घराचं पोट कशावर आहे?"

पडद्याच्या आत वरच्या फळीवर खसखस ऐकू येत होती. श्यामकांतनं कुणाकडेही पाहिलं नाही. तो आपल्या हाताच्या नखांकडे बघत बसला, आणि कोंडाजीला कळलं की साहेब यापुढं एक शब्द बोलणार नाहीत.

"मी टाकला," इंदुबाई म्हणाल्या.

"आई!"

"माझा लेक चिंतामणी होता तेव्हा तो त्या दिवशी सुरी-कात्री मांडून पूजा करायचा. तो गेला तशी पूजा गेली. यंदा मनात आलं, सुरी-कात्री काय कमावते? घर चालतंय ते ह्या बरण्यांवर. तिघंही आले-गेले, तू यायची होतीस. डबी घेतली, आत गेले. प्रत्येकीच्या तोंडाशी आतून चिमूट चिमूट भंडारा टाकला. वरती हात पोचेना, म्हणून खालूनच नमस्कार केला." त्यांचा हात पदराशी चाळा करू लागला. "देवाच्या भंडाऱ्यानं असं काही होईल हे माझ्या ध्यानीमनी नाही गं. हे काय ते मला आत्ता, ह्यांनी पीठ टाकलं तेव्हा कळलं."

"पण मला सांगायचं तरी! मी काय नको म्हटलं असतं?"

"कुठल्या तोंडानं सांगू? पाच वर्षं तुझ्या हातचं पाणी टाकलं, आणि तुझ्याच बरण्यांना हात जोडून आले म्हणून सांगू?"

सुनेत्राचे डोळे भरून आले होते आणि हातात पकडलेलं झुरळ तसंच वळवळत होतं.

भगवंतशेठनं घसा साफ केला. "हे सगळं ठीक. पण मग बाहेरच्या कुणाचा दोष नाही. घरातूनच सुटली. माझं म्हणणं तेच राहिलं. उद्या सकाळी—"

"एक मिनिट, शेठ," टेकचंद म्हणाला. "तक्रार कुणाची?"

"तुझी."

"मी वापस घेतली."

"अरे, तुझे पापड?"

"पापड गेले. पुन्हा लाटू. साईं, कराचीहून निघालो तेव्हा बायकोनं एक लाटणं कमरेला खोचून आणलं. ह्या चाळीत पहिल्या खंडेनवमीला ते पुजायला आमच्याकडे हळद नव्हती. ह्या आजीनं दिली. त्याच डबीतली." त्यानं हात झटकले, पीठ उडालं. "मी कुणाविरुद्ध तक्रार करू? देवाच्या भंडाऱ्याविरुद्ध?"

भगवंतशेठ झोपाळ्याची सवय असल्यासारखे पाटावरच जरा हलले. तक्रार नाही, तर चाळीसमोर कारण काय सांगायचं? दुसरं गिऱ्हाईक आहे हे? दोन विधवांना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी?

"बरण्यांना झाकणं लावा," शेवटी ते पुटपुटले. "जाळीची. चाळीतर्फे सुतार पाठवतो. आणि परत एक जरी दिसलं ना—"

"तर मी उचलून आणीन," रघु म्हणाला. "माझ्या बेडकांना चालतात."

"खबरदार!" सुनेत्रा म्हणाली, आणि त्या खोलीत पहिल्यांदा मोकळं हसू फुटलं.

माणसं पांगली. श्यामकांत जोडे घालत होता. आता मात्र तो शीळ घालत होता. कोंडाजी त्याच्यासाठी थांबला आणि दारातून त्याला आतलं दिसलं.

सुनेत्रा पडद्यामागे बरण्यांचे पिवळे पट्टे चिंधीनं पुसायला बसली होती. इंदुबाई पडद्यापाशी आल्या. क्षणभर उभ्या राहिल्या. मग पडदा बाजूला सारून आत गेल्या आणि सुनेजवळ फतकल घालून बसल्या.

"दे एक चिंधी इकडे."

"आई, राहू दे. पुन्हा आंघोळ करावी लागेल तुम्हाला."

"दे म्हणते ना." पुसता पुसता त्यांनी विचारलं, "पुढच्या वर्षी कसा टाकायचा गं भंडारा?"

"बाहेरून, आई. बरणीच्या बाहेरून लावायचा."

"आणि वरच्या फळीला?"

"मी देते ना काढून एकेक."

एवढ्यात कुठूनतरी एक इवलं झुरळ इंदुबाईंच्या पदरावर चढलं. बाहेर कोंडाजीनं श्यामकांतचा दंड गच्च धरला. इंदुबाई दचकल्या, अंग चोरलं, हात मागे घेतला. मग तोच हात हळूच पुढे केला, दोन बोटांत ते धरलं, आणि पुसून नवा पट्टा लावलेल्या बरणीत सोडून दिलं.

"कुठं निघालीस, बये?" त्या म्हणाल्या. "हे घर नाही का तुझं?"